चित्र आलं, आवाज अडला

सी विंग ग्रुप, शनिवार

३०२ काका: मंडळी, नवीन टीव्ही भिंतीवर चढला. चित्र फर्स्ट क्लास. पण अँप्लिफायरमधून हूं की चूं नाही. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बोलतात, अँप मुका. जुन्या टीव्हीबरोबर हेच अँप इतकी वर्षं बिनतक्रार चाललं. कोणी जाणकार?

१०१: केबल बदला साहेब. सोन्याचा मुलामावाली घ्या. फरक कळतो.

६०४: काका, आत्ता काही विकत आणू नका. एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी केबल, तिच्यातून आवाज आकड्यांच्या रूपात जातो, मुलाम्याने तो गोड होत नाही. टीव्हीच्या आणि अँपच्या पाठीचे फोटो टाका. आणि अँपच्या डिस्प्लेवर काय अक्षरं आहेत तेही सांगा.

३०२ काका: टीव्हीच्या मागे हात जेमतेम जातो. मोबाइल सरकवून काढलेत. [फोटो] [फोटो] अँपवर ‘डीव्हीडी’ दिसतंय.

६०४: टीव्हीची केबल अँपच्या ‘इन’मध्ये लावलीत.

३०२ काका: अगं, आवाज अँपच्या आत जायचाय ना? मग ‘इन’मध्येच नको?

६०४: सगळे तिथेच फसतात काका. टीव्हीवरची एचडीएमआयची सगळी सॉकेट्स घेणारी असतात, देणारं एकही नसतं. तुम्ही दोन घेणारे एकमेकांना जोडलेत. २००९ साली एचडीएमआय १.४ आलं, त्यात एआरसी नावाची सोय झाली. केबल लावायची अँपच्या ‘आउट’ला. चित्र अँपकडून टीव्हीकडे जातं आणि टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलटा परत येतो. तुमच्या फोटोत ‘आउट’च्या खाली बारीक अक्षरांत एआरसी लिहिलंय, झूम करून बघा. टीव्हीवरसुद्धा एकाच सॉकेटवर लिहिलेलं असेल, तिथेच लावायची. दुसरीकडे चालणार नाही.

३०२ काका: जुना टीव्ही लाल-पांढऱ्या पिनांवर होता. या नव्याला त्या पिनाच नाहीत. म्हणून हा घोळ.

७०१ सेक्रेटरी: हा ग्रुप सूचनांसाठी आहे. उद्या सकाळी पाण्याची टाकी धुणार, १० ते १ पाणी बंद. कृपया हे वर जाऊ देऊ नका.

३०२ काका: केबल बदलली. टीव्हीला २ नंबरवर एआरसी होतं, मी १ मध्ये लावली होती. तरी शांतता.

६०४: डिस्प्लेवर अजून ‘डीव्हीडी’च आहे का?

३०२ काका: हो.

६०४: मग अँप डीव्हीडीचीच वाट बघत बसलंय. ‘टीव्ही’ किंवा ‘टीव्ही ऑडिओ’ असा इनपुट येईपर्यंत बटण फिरवा. टीव्हीच्या साउंड मेन्यूत स्पीकर ‘बाहेरचे’ किंवा ‘एआरसी’ असे निवडा.

३०२ काका: दोन्ही केलं. अँप मख्ख.

४०२: काका, सीईसी चालू आहे का बघा, म्हणजे एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय. एआरसीची बोलणी त्यावरूनच होतात. बहुतेक टीव्हींत ते बंद असलं की एआरसीही बंद.

३०२ काका: मेन्यूत सीईसी असा शब्दच नाही.

४०२: नसणारच. प्रत्येक कंपनीने बारसं वेगळं केलंय. सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. गोष्ट एकच.

६०४: बरोबर. अँपमध्येही बघा काका, तिथे ‘एचडीएमआय कंट्रोल’ असं काहीतरी असेल. एआरसीचा खटका त्याच्याच खाली असतो आणि बऱ्याच अँपमध्ये तो आधी बंदच असतो.

३०२ काका: होय! अँपमध्ये दोन्ही बंद होती. चालू केली. आता टीव्हीवर ‘बाहेरचं उपकरण सापडलं’ असं आलं. पण आवाज नाही. आवाजाचं बटण पार टोकापर्यंत नेऊन पाहिलं.

१०१: केबल. मी पहिल्यापासून सांगतोय.

६०४: १०१ काका, मुद्दा अगदीच खोटा नाही हो. एचडीएमआयला १९ पिना असतात, एआरसीचं काम १४ नंबरच्या पिनेवर चालतं. काही जुन्या स्वस्त केबलींत ती तार जोडलेलीच नसते. चित्र झकास, एआरसी गायब. पण त्याआधी एक फुकटचा उपाय. या दोघांची ओळखपरेड मधेच अडकते कधीकधी. काका, टीव्ही, अँप, सेट-टॉप बॉक्स, सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढा. रिमोटने बंद केलेलं चालणार नाही, आतून ती जागीच असतात. १० मिनिटं थांबा. मग आधी टीव्ही लावा, मागून अँप.

(७.५२)

४०२: काका, आवाज आला. आमच्या घरात.

३०२ काका: सॉरी सॉरी सॉरी. बटण टोकाला होतं ते विसरलोच.

३०२ काकू: माझ्या हातातलं भांडं पडलं.

६०४: चूक माझी. वायरला हात लावण्याआधी आवाज तळाला आणायचा, हे मी पहिल्याच निरोपात सांगायला हवं होतं. स्पीकर फाटतात अशाने. ठीक आहेत ना?

३०२ काका: ठीक आहेत. पण पुढचे दोनच वाजतायत. मधला आणि मागचे दोन गप्प.

६०४: डिस्प्ले?

३०२ काका: ‘पीसीएम’.

६०४: पीसीएम म्हणजे पुडकं उघडून पाठवलेला आवाज. म्हणजे टीव्ही स्वतःच पाच वाटांचा आवाज दोन वाटांत घोटून पाठवतोय. एआरसीवरून पीसीएम गेलं की दोनच चॅनेल जातात. टीव्हीत ‘डिजिटल साउंड आउटपुट’ शोधा. तिथे पीसीएमऐवजी ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू यातलं जे असेल ते घ्या. पासथ्रू म्हणजे टीव्ही पुडकं न उघडता तसंच पुढे देतो, उघडायचं काम अँप करतं. डिस्प्लेवर ‘डॉल्बी डी’, म्हणजे त्या बंद पुडक्याचं नाव, उमटलं की समजा पोचलं. आणि लावलेला कार्यक्रमही ५.१ चा हवा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा. बऱ्याच बातम्या दोन चॅनेलच्याच असतात, तिथे मागचे स्पीकर गप्प असणं हाच बरोबर निकाल. तोच आवाज पाचांत पसरवायला अँपच्या रिमोटवर ‘सराउंड’ असतं, पण ती अँपची कल्पनाशक्ती.

३०२ काका: टीव्हीच्या ॲपवर सिनेमा लावला. पाचही वाजतायत!! सेट-टॉप बॉक्सवर मात्र ५.१ चा चॅनेल लावला तरी पीसीएमच येतंय.

४०२: काही टीव्ही बाहेरून आलेला आवाज पुढे देताना दोन चॅनेलचा करतात. बॉक्स सरळ अँपच्या ‘इन’मध्ये लावा की. चित्र अँपमधून टीव्हीला जाईलच. आणि बॉक्सच्या मेन्यूतही डॉल्बी निवडा.

६०४: बॉक्स साधा एचडी आहे ना काका? मग हरकत नाही. फोर-के असता तर जुन्या अँपमधून ते चित्र पार झालं असतंच असं नाही.

१०१: माझ्याकडे ऑप्टिकल केबल आहे, प्रकाशाने आवाज नेणारी. ही सीईसी-बिईसी कटकटच नाही.

६०४: खरं आहे, आणि एआरसी नसलेल्या अँपला मी तीच सुचवते. पण टीव्हीच्या रिमोटने अँपचा आवाज कमी-जास्त होतो का तुमच्याकडे?

१०१: नाही. दोन रिमोट लागतात. आणि कालपासून ती केबलही बोलत नाहीये, खरं सांगायचं तर.

६०४: टीव्हीकडचं टोक तसंच ठेवून अँपकडचं काढा आणि टोक तळहातावर धरा. लाल ठिपका दिसतो का? दिसला तर टीव्ही पाठवतोय, अँपचा इनपुट चुकलाय. नाही दिसला तर टीव्हीचं सेटिंग तरी किंवा केबल तरी.

१०१: ठिपका आहे. अँपवर ‘ऑक्स’ होतं. कोणी फिरवलं देव जाणे.

२०१: ६०४ ताई, विषय निघालाच आहे तर. आमच्या स्पीकरमधून सतत एक हलकी गुणगुण येते. काही लावलेलं नसलं तरी.

६०४: बॉक्सला भिंतीतून येणारी केबलची जाड वायर असेल. ती बॉक्सपासून सोडवा आणि ऐका.

२०१: थांबली! लगेच!

६०४: मग ते अर्थिंगचं वेटोळं आहे. तुमचं अँप घरातल्या प्लगमधून जमिनीला जोडलेलं आणि त्या वायरचं कवच दुसरीकडे कुठेतरी. दोन्हींच्या विजेच्या दाबात जरा फरक असला की वीज त्या कवचातून फिरत राहते आणि ५० हर्ट्‌झची घरघर ऐकू येते. त्या वायरवर लावायचा, ही वाट तोडणारा छोटा आयसोलेटर मिळतो. बॉक्स ते अँप ऑप्टिकल केली तरी चालेल, प्रकाशाच्या केबलमधून वीज जात नाही, वेटोळं तुटतं.

१०१: प्लगची जाड पिन काढून टाकली की पण जाते गुणगुण. मी केलंय.

६०४: काका, ती पिन आजच परत लावा, प्लीज. अँपमध्ये बिघाड होऊन बॉडीत वीज उतरली तर तीच तुम्हाला वाचवते. यावर मी वाद घालणार नाही.

१०१: बरं. लावतो.

रविवार

३०२ काका: बॉक्स अँपमध्ये लावला. ‘डॉल्बी डी’ आलं. पण आता नवीनच भानगड. माणूस तोंड उघडायच्या आत बोलतो.

६०४: हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा विषय. काल बॉक्सचा आवाज टीव्हीतून फिरून यायचा, त्यामुळे चित्र आणि तो साधारण बरोबरीने निघायचे. आता आवाज अँपपाशीच उतरतो. चित्र पुढे टीव्हीत जातं आणि तिथे त्याची रंगरंगोटी होण्यात काही मिलिसेकंद जातात. म्हणून आवाज पुढे. अँपमध्ये ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ असेल, त्याने आवाज मागे ओढा. आवाज मागे पडला असता तर मात्र हे सेटिंग कुचकामी, तेव्हा डिले शून्यावर आणायचा. टीव्हीचा गेम मोड चालू असेल तर बंद करायचा, त्यात रंगरंगोटी कमी होते आणि चित्र आणखी पुढे पळतं.

३०२ काका: किती ओढू?

६०४: आकडा सांगता येत नाही, टीव्हीप्रमाणे बदलतो. आवाज उशिरा आला तर आपण बरंच सोसतो, कारण वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो याची सवय आहे. आधी आला की खटकतं. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मागे इथून फरक जाणवायला लागतो असं मानलंय, यावरून समजा. बातम्या देणाऱ्याचा चेहरा जवळून दिसेल असा चॅनेल लावा आणि प, फ, ब, भ, म एवढीच अक्षरं पकडा. शाळेतले ओष्ठ्य! ती ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. ‘मुख्यमंत्री’ ऐकू आलं तेव्हा ओठ मिटलेले दिसले पाहिजेत. दहा-दहाने वाढवत जा. डब केलेल्या सिनेमावर मात्र तपासू नका, तिथे ओठ जुळत नसले तर दोष आमच्या स्टुडिओचा.

३०२ काकू: मला एवढंच सांगा, मी टीव्ही लावायचा कसा?

४०२: काकू, चॅनेल बघायचा तर अँपवर ‘सॅट’ म्हणजे बॉक्सचा इनपुट, टीव्हीचं ॲप बघायचं तर अँपवर ‘टीव्ही’. काकांना रिमोटला पट्टी चिकटवायला सांगा.

३०२ काकू: ते गेला तासभर बातम्या बघत नाहीयेत, नुसते ओठ बघतायत. मला शेजारी बसवून ‘म आला का, म आला का’ विचारतायत. ११० वर जुळलं एकदाचं.

३०२ काका: १२०. ११० वर ‘भ’ निसटत होता.