योनाचं वादळ देवानं पाठवलं, मग खलाशांचं काय?

भरतीओहोटी:
निसर्गावर देवाची सत्ता किती, हे बायबलमध्ये बघायचं तर योनाचं चार अध्यायांचं पुस्तक पुरे. देव योना नावाच्या संदेष्ट्याला म्हणतो निनवे शहराला जा (आजच्या इराकमधल्या मोसुलजवळ). हा पठ्ठ्या याफो बंदरात भाडं मोजून तार्शीशच्या जहाजात बसतो, अगदी उलट दिशेला! मग देव वारा सोडतो, समुद्रात फेकलेल्या योनाला गिळायला मासा धाडतो, शेवटी सावलीपुरतं झाड उगववतो आणि पहाटे त्याला कीड लावतो. (मासा सगळ्यांना आठवतो, कीड कुणालाच नाही.) वारा, मासा, झाड, कीड, सगळे मुकाट ऐकतात. न ऐकणारा एकच, तोही संदेष्टा. योगायोगाला जागाच नाही; वादळ कुणामुळे हे कळावं म्हणून खलाशांनी चिठ्ठ्या टाकल्या तरी नाव योनाचंच निघतं.

कोरा_कागद:
साफ असहमत. पळाला योना, पण माल समुद्रात फेकावा लागला खलाशांना. बरं, माणसं किती भली! योना स्वतः सांगतोय मला फेका, तरी ते आधी वल्ही मारून किनारा गाठायला बघतात. बायबलमधल्याच सज्जन ईयोबाचं तर विचारूच नका. रानाकडून वारा येतो, थोरल्या मुलाचं घर कोसळतं, त्याची दहाच्या दहा मुलं गेली. आणि तेही देवानं सैतानाला मुभा दिली म्हणून.

भरतीओहोटी:
खलाशी वाचले की! पुढे परमेश्वराला यज्ञ करतात, नवस बोलतात.

कोरा_कागद:
माल नाही वाचला.

सांजवात:
इथे गल्लत होतेय. वारा देवाच्या हातात असणं वेगळं आणि प्रत्येक वारा कुणाच्या तरी पापाची शिक्षा असणं वेगळं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठराजण मरतात. ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, असं येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. हे विसरलं की काय होतं ते पोर्तुगालमधल्या लिस्बनला दिसलं. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लोक चर्चमध्ये, आणि भूकंप. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) पाद्र्यानं पुस्तिकाच छापली: कारण नैसर्गिक नाही, तुमची पापं. शहर उभं करायच्या खटपटीत असलेल्या मंत्री पोंबालनं त्याची लिस्बनबाहेर सेतूबाल गावी रवानगी केली. बरंच केलं म्हणायचं.

भरतीओहोटी:
अर्धंच वाक्य सांगितलंत. 'पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही असाच नाश होईल', हेही येशू तिथेच म्हणतो.

रेवदंड्याचा_वारा:
यॉम किप्पूरच्या (ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) दुपारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, योनाचं पुस्तक वाचतात. आमच्या भागातल्या बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, तर परंपराच आहे की पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. वादळाची गोष्ट त्यांना नवी नाही.
पण धागाकर्ते, चौथा अध्याय नीट बघा. मासा एका शब्दात ऐकतो, देवानं निनवेला माफ केलं म्हणून रुसलेला योना काही केल्या ऐकत नाही. देवाला वाद घालावा लागतो: निनवेत एक लाख वीस हजारांवर माणसं, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, मी त्यांची कीव करू नये? पुस्तक तिथेच संपतं. योनाचं उत्तर नाही. ही कसली पूर्ण सत्ता?

भरतीओहोटी:
निसर्गावर पूर्णच आहे. माणसावर देव जबरदस्ती करत नाही, एवढंच.

कोरा_कागद:
मग भर समुद्रात खलाशांवर झाली ती काय होती?