बंडी हलते ती जमिनीमुळे

बैल बंडीला (बैलगाडीला) जेवढ्या जोराने ओढतात तेवढ्याच जोराने बंडी बैलांना मागे ओढते, मग ती हलते कशी, असा प्रश्न पोरं विचारतात. त्यावर "बंडीची प्रतिक्रिया बैलांच्या ओढीपेक्षा थोडी कमी पडते, म्हणून ती पुढे जाते" हे उत्तर त्यांना कृपया देऊ नका. एकदा डोक्यात बसलं की अकरावीतही निघत नाही. क्रिया-प्रतिक्रिया कायम समान असतात, बंडी उभी असो की पळत असो. त्या वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात हे दुसरं नेहमीचं उत्तर बरोबरच आहे, पण त्यात जमीन राहून गेली, आणि खरी गंमत तिथंच आहे. भरलेली बंडी ५०० किलो, जोडी मिळून ८०० किलो, बंडीला होणारा विरोध ४०० न्यूटन धरा. बैलांनी ६०० न्यूटनने ओढलं तर उरलेल्या २०० मुळे बंडीला ०.४ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण मिळतं. बंडीही बैलांना मागे ६०० नेच ओढते. तरी बैल त्याच त्वरणाने पुढे जातात, म्हणजे खुरं जमिनीला मागे रेटतात तेव्हा जमीन बैलांना ९२० न्यूटनने पुढे रेटते: ६०० बंडीसाठी, ३२० त्यांच्या स्वतःसाठी. वेग स्थिर झाला की हाच रेटा ४०० वर येतो.

आमच्याकडे यवतमाळच्या काळ्या जमिनीत हे पावसाळ्यात डोळ्यांनी दिसतं. पांदणीच्या गाऱ्यात खुरं मागे सरकतात, चिखलाचे लपके उडतात, जोडी धापा टाकते आणि बंडी जागची हलत नाही. चाकं रुतल्यानं विरोध वाढलेला असतोच, शिवाय गारा खुरांना पुरेसं मागून रेटू शकत नाही. खुरांखाली मुरूम टाकला की तीच जोडी बंडी काढते. मी वर्गात आकृती काढतो तेव्हा बाण आधी खुरापाशी काढायला लावतो, जुवापाशी नंतर.