भिजलेला फोन तांदळात ठेवावा का?

प्रश्न (डिचोली): रायबंदरहून चोडणला येताना फेरीबोटीत आडव्या सरीने माझा फोन चिंब भिजला. आईने तो लगेच उकड्या तांदळाच्या डब्यात पुरला; सकाळी चार्जिंगच्या खाचेत तांबूस भुसा अडकलेला दिसला. तांदूळ वापरूच नये, अशी बातमी होती. ती खरी मानावी का? आणि ‘आयपी 68’ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) असलेल्या फोनला पाण्याचे भय कसे?

उत्तर (म्हापसा): बातमी खरी आहे. 2024 च्या आरंभी अ‍ॅपलने आपल्या आयफोनबाबत स्पष्ट सांगितले की, तांदळाचे बारीक कण फोनला इजा करू शकतात. खाच खाली धरून फोन हातावर हलकेच आपटावा, हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी ठेवावा आणि किमान अर्ध्या तासाने चार्जर लावून पाहावा. पूर्ण सुकायला 24 तासही लागू शकतात. गरम हवा मारू नये.

उत्तर (काणकोण): ‘68’ मधला सहा धुळीसाठी आणि आठ पाण्यात बुडण्यासाठी असतो, पण ती चाचणी प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यात आणि नव्याकोऱ्या फोनवर होते. सील कालांतराने झिजते. पाळोळ्याच्या खाऱ्या पाण्यात फोन बुडवून फोटो काढणारे पर्यटक पाहिले की माझा जीव कळवळतो, कारण मीठ आत राहून धातू गंजवते.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. भुसा दुरुस्तीवाल्याकडूनच काढून घेते.