रिव्हर्सला मागे माणूस उभा करणं बंद करावं का?

यार्डमास्तर
डंपर, ट्रेलर, लोडर मागे घेताना पाठीमागे एक माणूस उभा हवा, असा नियम बहुतेक साइटवर असतो. माझ्या मते आधी तोच काढायला हवा. ड्रायव्हरला जिथलं काहीच दिसत नाही, नेमक्या त्याच जागेत आपण माणूस नेऊन ठेवतो. रिव्हर्सच्या अपघातांत दिशा दाखवणारेच सापडतात, ते काही उगाच नाही.

त्याऐवजी रिव्हर्सची गरजच कमी करा. आत यायचं आणि बाहेर जायचं फाटक वेगळं, मधला रस्ता एकेरी. ते बसत नसेल तर वळायला एकच ठरलेली जागा आणि तिला कंबरेइतका कठडा. नुसती पिवळी रेघ चिखलाखाली गेली की संपली. गाडी थांबायला हवी तिथे चाकाला अडणारा ठोकळा. कडेवर माल ओतायचा असेल तर मातीचा बांध निदान चाकाच्या निम्म्या उंचीचा. वर कॅमेरा लावा. मग माणूस कशाला हवा?

आरसा_डावा
यार्डात हे सगळं जमतं. रस्त्याच्या कामावर खड्डा रोज पुढे सरकतो, तिथे फाटक कुठलं आणि कठडा कुठला?

मुळात सिग्नल देणाऱ्याने गाडीच्या मागे उभं राहायचंच नसतं. त्याची जागा ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यापासून तिरकी, गाडीच्या वाटेच्या पूर्ण बाहेर. पाठीशी भिंत किंवा दुसरी गाडी नको. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, एवढं धरून चालायचं. आरशातून माणूस गायब झाला की ब्रेक, मग तो का गायब झाला ते उतरून बघायचं. जागा बदलायची तर आधी गाडी थांबवायची. उलटं चालत इशारे देणारा माणूस दगडाला अडखळून पडतो आणि आरशातूनही जातो, दोन्ही एकाच वेळी.

इशारे देणारा एकच. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणालं तरी थांबायचं. आणि ते पत्र्यावर थाप मारणं बंद करा; एका थापेचा अर्थ प्रत्येक जोडीचा निराळा असतो.

वायरिंगवाला
यार्डमास्तर, ‘वर कॅमेरा लावा’ इतकं ते सोपं नाही. रुंद कोनाच्या भिंगात वस्तू असते त्यापेक्षा लांब दिसते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करायची, मागच्या टोकापासून 1, 2 आणि 3 मीटरवर रस्त्यावरचे प्लास्टिकचे शंकू ठेवायचे आणि ते पडद्यावर जिथे दिसतात तिथे खुणा करायच्या. डंपरला कॅमेरा चॅसीवर, म्हणजे खालच्या न हलणाऱ्या सांगाड्यावर घ्या. फाळक्यावर लावला तर हौदा उचलला की तो भलतीकडेच बघतो.

सेन्सरचा हिशोबही मांडून बघा. मागे काही आलं की केबिनमध्ये आवाज करणारा साधा अल्ट्रासॉनिक सेन्सर साधारण अडीच मीटरपर्यंतचंच सांगतो. ताशी 5 किमी म्हणजे सेकंदाला 1.4 मीटर. आवाज ऐकून पाय ब्रेकवर जायला एक ते दीड सेकंद, म्हणजे 1.4 ते 2.1 मीटर तिथेच गेले. वर हवेच्या ब्रेकला दाब पोचायला लागणारा क्षण. ताशी 10 किमी असेल तर पाय ब्रेकपर्यंत पोचण्याआधीच अडीच मीटर संपलेले. सेन्सर कामाचा हवा असेल तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून, माणसाच्या चालीहून हळू मागे यायचं.

यार्डमास्तर
मान्य, पण खुणा एकदा केल्या की राहतात आणि भिंग फडक्याने पुसता येतं. माणूस दुपारनंतर दमतो, मोबाइल काढतो. तुम्ही सांगता तसा तिरका उभा राहणारा सिग्नलमन कागदावर असतो. प्रत्यक्षात गाडीजवळ जो मोकळा दिसेल त्यालाच ‘जा रे, बघ जरा मागे’ म्हणतात.

आरसा_डावा
मग प्रशिक्षण न घेतलेल्याला मनाई करा, सिग्नलमनला नको! नेमलेल्याच्या अंगावर वेगळ्या रंगाचं जाकीट असलं की ड्रायव्हरला लांबूनच कळतं कुणाचं बघायचं.

टीपटीप
रिव्हर्स टाकला की आपोआप वाजणाऱ्या हॉर्नबद्दल कुणीच बोललं नाही. एकसुरी ‘टीप-टीप’ भिंतींवर आपटून सगळीकडून येतो. चार गाड्या एकदम मागे येत असतील तर कान ते सोडूनच देतो. ‘खश्श-खश्श’ करणारा, अनेक कंप्रता मिसळलेला आवाज कुठून येतो ते कानाला पटकन कळतं, आणि लांबच्या लोकांना त्रासही कमी. बऱ्याच गाड्यांत हॉर्न आणि रिव्हर्स लाइट गिअरबॉक्सवरच्या एकाच स्विचवर असतात. तो गेला की दोन्ही गप्प, आणि केबिनमध्ये पत्ताही लागत नाही. रोज सकाळी हँडब्रेक ओढून, चाकाला अडण लावून, इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवायची आणि रिव्हर्स गिअर टाकायचा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून ऐकायचं.

वायरिंगवाला
हॉर्न म्हणजे ‘तूच बाजूला हो’ असं पायी चालणाऱ्याला सांगणं. कानात बोळे घालून ड्रिल धरलेला माणूस काय ऐकणार?

टीपटीप
म्हणूनच तो शेवटचा उपाय. पण तार तोडून ठेवायचीही नाही, आणि रात्रपाळीत ती सर्रास तोडलेली असते.

यार्डमास्तर
ट्रेलरचं काय? ड्रायव्हरच्या उलट बाजूला वळवला की हौद्यानेच आरसा झाकला जातो. तिथे तुमचा सिग्नलमन दिसणार कुठे?

आरसा_डावा
आधी पुढे जाऊन गाडी फिरवा आणि ड्रायव्हरच्या बाजूचंच वळण घ्या. अगदीच इलाज नसेल तर वॉकीटॉकी, त्या दोघांसाठी राखलेल्या चॅनलवर. गाडी हलतेय तोवर सिग्नलमनने ‘या, या, या’ सलग बोलत राहायचं. आवाज तुटला, खरखर आली, मध्ये तिसराच बोलला, तरी गाडी जागेवर उभी. ‘थांब’ ऐकू येण्याची वाट बघायची नाही, कारण बॅटरी नेमकी त्या शब्दाआधी संपू शकते.