प्रार्थनेला बसलं की नुसतं रडू येतं, शब्दच येत नाहीत. माझा विश्वास कमी पडतोय का?

पिंपरीकरीण

सगळ्यांना जय ख्रिस्त. खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. वय ३६, खासगी शाळेत शिकवते, दोन मुलं, मिस्टर चाकणला कंपनीत शिफ्टला असतात आणि सासूबाई मागच्या पावसाळ्यात घसरून पडल्या तेव्हापासून पलंगावरच आहेत, त्यांचं सगळं जागेवरच करावं लागतं. बाई ठेवायची तर परवडत नाही आणि सासूबाईंना परक्या बाईचा हात चालत पण नाही. त्यांच्याबद्दल तक्रार नाही हं, माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच मला उचलून धरलंय.

त्रास माझ्या मनाचा आहे. इतकी चिडचिड होते की माझी मलाच ओळख पटत नाही. परवा धाकट्याने डब्यातली भाजी तशीच परत आणली तर मी डबा ओट्यावर इतक्या जोरात आपटला की झाकण उडून सिंकमध्ये पडलं आणि पोरगं घाबरून आजीच्या पलंगामागे जाऊन बसलं. मग रात्रभर अपराधी वाटत राहतं, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, परत डोळा लागत नाही. रविवारी चर्चच्या कोयरमध्ये उभी राहून गाते, सगळे म्हणतात ताई तुमच्या चेहऱ्यावर कसा आनंद असतो, आणि घरी बायबल उघडलं की नुसतं रडू येतं, "हे प्रभू" च्या पुढे काही सुचतच नाही.

चर्चच्या स्त्रीसंघात एकदा हिंमत करून प्रार्थनेची विनंती केली होती. पुढच्या रविवारी दोघीतिघींनी बाजूला घेऊन विचारलं की मिस्टरांशी काही बिनसलंय का. म्हणजे बोलणं कुठून कुठे गेलं बघा. आणि एकीने सांगितलं बायबलमधलं फिलिप्पै ४:६, "चिंता करू नका" ते वचन, पाठ कर, चिंता करणं म्हणजे अविश्वास. ते वचन मला लहानपणापासून पाठ आहे, पण आता ते वाचलं की आधार वाटायच्या ऐवजी कोणीतरी रागावतंय असंच वाटतं.

विचारायचं एवढंच की असं वाटणं हे पाप आहे का? आणि प्रार्थना येतच नसेल तर तुम्ही काय करता? कृपया खरं खरं सांगा.

मिरजेची आत्या

बाळा आधी एक सांगते, तू रडतेस ना देवापुढे, ती प्रार्थनाच आहे. बायबलमधलं १ शमुवेल पहिला अध्याय काढ आणि मूल होत नसलेल्या हन्नाचं सगळं सावकाश वाच, घाईत नको. ती जेवत नव्हती, रडत होती, नवरा बिचारा समजूत घालत होता की मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का, आणि तिला त्याचं प्रेम कळत असूनही त्याने दुःख काही हलत नव्हतं. मंदिरात गेली तर नुसते ओठ हलत होते, आवाज नाही, आणि एली याजकाला वाटलं ही बाई प्यायलीये! म्हणजे देवाच्या घरात बसलेल्या मोठ्या माणसालाही तिचं दुःख ओळखता आलं नाही. तुझ्या स्त्रीसंघातल्या बायकांनी तुझं बोलणं कुठल्या कुठे नेलं तेव्हा मला हाच प्रसंग आठवला.

आणि पुढचं बघ, बरेच जण इथे न थांबता पुढे जातात. ती एलीला स्पष्ट सांगते की मी प्यायलेली नाही, मी दुःखी बाई आहे आणि परमेश्वरापुढे मन मोकळं करतेय. मग ती उठते, जेवते आणि तिचा चेहरा उदास राहत नाही. तिचा मुलगा शमुवेल तेव्हा झालेला नव्हता, पोटातसुद्धा नव्हता. परिस्थिती होती तशीच होती, घरी ती सवत पनिन्ना टोमणे मारायला तयारच होती. तरी तिच्या मनावरचं काहीतरी उतरलं, कारण ती देवाशी खोटं बोलली नाही.

आमचे साहेब, म्हणजे माझे मिस्टर, चर्चचे पाळक होते. ते गेल्यावर कितीतरी महिने मला उपासनेत गाता आलं नाही. पुस्तक हातात धरून नुसती उभी राहायचे, बाकीच्यांचं गाणं ऐकायचे. एका म्हाताऱ्या बाईने मला सांगितलं होतं की तू गाऊ नकोस, आम्ही तुझ्या वाटचं गातो, तू फक्त ये. तेव्हा मला कळलं चर्चची मंडळी कशासाठी असते.

शब्द येत नसतील तर आपले शब्द जुळवत बसूच नकोस. स्तोत्रसंहिता उघड, १३वं स्तोत्र काढ, अगदी छोटं आहे, सुरुवातच "कोठवर" ने होते. मोठ्याने वाच, सासूबाईंच्या खोलीत वाच, त्यांनाही ऐकू जाऊ दे. त्यांच्याही मनात पलंगावर पडल्या पडल्या काय काय चालत असेल. फार वाईट दिवस असेल तर ८८वं वाच. ते स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटच्या ओळीतही उजेड नाही. तरीही ते आपल्या पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलेलं नाही.

प्रभूचा सेवक

ताई हा सैतानाचा हल्ला आहे. निराशा ही देवाकडून नसते. तुम्ही २१ दिवस उपास धरा, पहाटे चारला उठून प्रार्थना करा आणि घरात तेल लावा. विश्वासाने मागाल तर मिळेल. औषधांच्या वगैरे मागे लागू नका, खरा वैद्य प्रभू आहे.

वसईची नर्स

वरच्या दादांचा मान राखून बोलते पण हे मला अजिबात पटलेलं नाही आणि पिंपरीच्या ताईने हे करू नये असं मी अगदी स्पष्ट सांगते. जी बाई पहाटे तीनपासून जागीच आहे तिला चारला उठायला सांगताय? जी दिवसभर शाळा, स्वयंपाक, पेशंटची उस्तवार करते तिला २१ दिवस उपाशी ठेवताय?

१ राजे १९ वाचा. एलीया ईजबेल राणीला घाबरून पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला देवा आता पुरे, माझा जीव घे. केवढा मोठा संदेष्टा! देवाने त्याला काय दिलं? दूत आला तो प्रवचन द्यायला नाही. त्याला उठवून सांगितलं की खा, आणि बघतो तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खाऊन परत झोपला, देवाने झोपू दिलं, परत उठवलं आणि परत खायला घातलं. देवाची मंद वाणी ऐकू येणं वगैरे सगळं नंतर. मी वॉर्डात कितीतरी बायका बघितल्यात ज्यांना आधी नीट झोप आणि जेवण मिळालं मग पुढचं बोलणं सुरू झालं.

ताई, एक नर्स म्हणून सांगते, आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, व्हिटॅमिन डी, शुगर. आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणं फार कॉमन आहे आणि थायरॉइड बिघडला की चिडचिड, रडू, थकवा, झोप सगळ्याचा गोंधळ होतो. पस्तिशीनंतर पाळीत काही बदल झाला असेल तर तेही डॉक्टरना सांगा. आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल आले, तरी पहाटेची जाग, रडू आणि कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरना दाखवा. पिंपरीच्या वायसीएम हॉस्पिटलमध्ये किंवा पुण्यात ससूनला ओपीडीत केसपेपर काढला की खर्चही फार येत नाही. आत्ता रात्री-बेरात्री कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर सरकारचा टेली-मानस नंबर आहे १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. कधी जीव नकोसा झाल्यासारखं वाटलं तर त्याच क्षणी लावा, सकाळची वाट बघू नका.

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे रोज संध्याकाळी घरात माळ, म्हणजे रोझरीची प्रार्थना होते. मला त्याची जी मदत होते ती सांगते, की शब्द ठरलेले असतात, माझ्या डोक्यात काहीही चालू असलं तरी तोंड चालत राहतं, शेजारी सासरे असतात, मुलं पेंगत असतात, आणि मी एकटी प्रार्थना करत नसते. प्रोटेस्टंट लोकांना माळेचं पटणार नाही, माहितीये मला, पण आत्या म्हणतात ते स्तोत्र मोठ्याने वाचायचं साधारण तेच काम करतं. आणि मी थायरॉइडची गोळीही रोज सकाळी उपाशीपोटी घेते, त्याने माझा विश्वास काही कमी झालेला नाही. लूक स्वतः वैद्य होता, कलस्सैच्या पत्रात पौल त्याला तसंच म्हणतो.

नगरकर ताई

नर्सताईंना अनुमोदन. फिलिप्पैच्या त्या वचनाबद्दल मला थोडं लिहायचंय, कारण ते आपल्याकडे फार लोकांच्या डोक्यात मारलं जातं.

४:६ लिहिणारा पौल तेव्हा कैदेत होता आणि त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात तो एपफ्रदीताच्या आजारपणाबद्दल लिहितो. हा माणूस मरता मरता वाचला, आणि पौल म्हणतो देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. पुढे म्हणतो त्याला तुमच्याकडे पाठवतोय म्हणजे माझंही दुःख हलकं होईल. म्हणजे "चिंता करू नका" असं लिहिणारा माणूसच मला दुःख आहे, काळजी आहे हे उघड उघड सांगतोय आणि मित्राला परत पाठवून ती कमी करायची खटपटही करतोय. आणि चौथ्या अध्यायात तो फिलिप्पैकरांचे आभारच मानतो, की तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात. दुसऱ्याचं ओझं वाटून न घेता नुसतं ते वचन त्याच्या हातात द्यायचं हे पौलाच्या डोक्यातही नसावं.

आणि आपल्या मराठी मंडळीच्या आयाबायांकडे बघ ना. मी नगरची, आमच्याकडे टिळकांचं नाव घेतल्याशिवाय दिवस जात नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना काय झालं असेल, पदरात लहान मूल, नवरा धर्म सोडून गेलेला, माणसं तोंडावर बोलतायत. पुढची काही वर्षं वेगळं राहून काढली, रडून, आजारी पडून. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला आणि तोही स्वतःचं मन वळल्यावर, नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही. आणि नंतर त्या काही गोड गोड झाल्या नाहीत, त्यांचा राग, भांडणं, हट्ट सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मला त्या आवडतात त्या यासाठीच.

पंडिता रमाबाई तर आणखीच. दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीण गेली, मग भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला तेव्हा मुलगी मनोरमा अजून तान्ही होती. केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो बायका-मुलींना सांभाळलं आणि शेवटी १९२१ मध्ये ती एकुलती एक मनोरमाही त्यांच्या आधी गेली. बायबलचं भाषांतर चालू होतं, ते त्या शेवटपर्यंत करत राहिल्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. या बाईला कोणी म्हणेल का की तुझा विश्वास कमी होता म्हणून तुझ्या वाट्याला एवढं दुःख आलं?

मस्कतवाली

मी पण नर्सच, इथे एकटी असते, मुलगी गावी आईकडे. मला एकच सांगायचंय, ग्रुपवर प्रार्थनेची विनंती टाकू नको, एकच मैत्रीण धर. माझी एक आहे कोल्हापूरची, आम्ही रोज रात्री एकमेकींना व्हॉइस नोट टाकतो, त्यात आज काय झालं ते आणि दोन ओळींची प्रार्थना, बस. कधी नुसतं "आज नको वाटतंय" एवढंच असतं. ती पुढे कोणाला सांगत नाही आणि मला उपदेश करत नाही. अशी एक तरी माग देवाकडे.

पिंपरीकरीण

तुम्हा सगळ्यांचं वाचून आज खूप दिवसांनी बरं वाटून रडले. आत्या, तुम्ही म्हणालात तसं काल रात्री सासूबाईंच्या खोलीत १३वं स्तोत्र वाचलं. मला वाटलं त्या झोपल्यात. संपल्यावर म्हणाल्या परत वाच. मग म्हणाल्या मला तुझ्या हातून सगळं करून घ्यायची फार लाज वाटते गं, मी रोज देवाला हेच विचारते की कोठवर. मला हे माहीतच नव्हतं. आम्ही दोघी एकाच घरात एकच प्रार्थना वेगवेगळी करत होतो.

त्यांनीच मिस्टरांना सांगितलं की दुपारी दोन तास बाई ठेवा, मला चालेल. पैशाचं बघू, ट्यूशनचे येतात त्यातून होईल बहुतेक.

नर्सताई, रक्ताचं उद्याच करते, शाळेला हाफ डे टाकलाय. फक्त एक विचारायचं राहिलं, थायरॉइडची टेस्ट उपाशीपोटीच करावी लागते का? आणि कोयरचं काय करू, थोडे दिवस सोडू का? सोडलं तर परत सगळ्या विचारतील.

वसईची नर्स

थायरॉइडला उपाशी राहावंच लागतं असं नाही, पण फास्टिंग शुगर त्याबरोबर करायची असेल तर रात्रीनंतर काही न खाता सकाळीच जा, नुसतं पाणी चालतं. बायोटिनच्या, म्हणजे केसांच्या वगैरे गोळ्या घेत असाल तर लॅबवाल्यांना आधी सांगा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रिपोर्ट आले की डॉक्टरनाच दाखवा, गूगल बघत बसू नका.

मिरजेची आत्या

कोयर सोडू नकोस आणि ओढूनताणून गाऊही नकोस. कोयर लीडरला एवढंच सांग की घरी पेशंट आहे, प्रॅक्टिसला दर वेळी जमणार नाही. ते खरंच आहे आणि त्याच्यापुढे कोणाला काही सांगायची गरज नाही. सासूबाईंना माझा सलाम सांग, आणि उद्या ४२वं वाचा दोघी.