मॅक्युलर होलची पहिली शस्त्रक्रिया अयशस्वी झाली; दुसरीचा अंदाज कशावरून बांधावा?

धागाकर्ती:
आईच्या (वय ६८) डाव्या डोळ्यात मॅक्युलर होल (दृष्टिपटलाच्या, म्हणजे रेटिनाच्या, मध्यभागी पडलेले छिद्र) आढळल्याने दोन महिन्यांपूर्वी विट्रेक्टॉमी (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढून वायू भरण्याची शस्त्रक्रिया) झाली. वायू छिद्रावर टेकून राहावा म्हणून सांगितलेले सर्व दिवस तिने पालथे राहून काढले. तरीही डोळ्यातला वायू विरल्यावर केलेल्या ओसीटीत (दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या तपासणीत) छिद्र उघडेच दिसले. डॉक्टर दुसरी शस्त्रक्रिया सुचवतात, पण खात्री देत नाहीत. यशाची शक्यता आधी कशावरून ओळखतात आणि आम्ही त्यांना नेमके काय विचारावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे. आपण पालथे राहण्यात कमी पडलो, असे आईच्या मनाने घेतले आहे.

प्रतिसाद १:
मी अनेक वर्षे दृष्टिपटल विभागात ओसीटी काढण्याचे काम केले आहे. निर्णय अर्थातच आपल्या शल्यचिकित्सकांचा असेल, पण काय विचारावे ते सांगू शकतो. सर्वप्रथम, छिद्र मिटणे आणि दृष्टी सुधारणे या दोन गोष्टी वेगळ्या धरा, कारण छिद्र पूर्ण मिटूनही वाचता न येणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

छिद्र मिटेल का, याचा अंदाज शस्त्रक्रियेनंतरच्या ताज्या ओसीटीवरून बांधावा. जुना अहवाल येथे पुरेसा नाही. त्यात छिद्राची सर्वांत अरुंद जागी मोजलेली रुंदी पाहतात. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार २५० मायक्रॉनपर्यंतचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्र लहान, ४०० पर्यंतचे मध्यम आणि त्यापुढचे मोठे मानले जाते. मात्र अयशस्वी शस्त्रक्रियेनंतर माझी नजर आधी कडांवर जाते. कडा उचललेल्या असतील आणि त्यांच्याखाली द्रव दिसत असेल, तर ऊती अजून सैल असून एकमेकींकडे सरकू शकतात, म्हणून आशा अधिक. कडा सपाट होऊन खालच्या थराला चिकटल्या असतील, तर काम बरेच अवघड होते.

दुसरा प्रश्न असा विचारा, की पहिल्या वेळी आयएलएम, म्हणजे दृष्टिपटलावरचा सर्वांत आतला पातळ पापुद्रा, सोलला होता का आणि किती रुंद. तो राहिला असेल किंवा थोडाच निघाला असेल, तर सोलण्याचा घेर वाढवणे हा तुलनेने सरळ उपाय उरतो. तो आधीच रुंद सोललेला असेल, तर कडेच्या भागातून त्याचा तुकडा आणून छिद्रावर ठेवणे, छिद्राखाली गर्भवेष्टनाचा (ॲम्निऑटिक मेम्ब्रेनचा) तुकडा सरकवणे, किंवा दृष्टिपटलाखाली द्रव सोडून चिकटलेल्या कडा सोडवणे, असे मार्ग आहेत. यांपैकी कोणता मार्ग त्यांनी स्वतः किती वेळा हाताळला आहे, हे संकोच न करता विचारा.

दृष्टीचा अंदाज मात्र छिद्राभोवतीच्या प्रकाशग्राही पेशींच्या थरावर आणि छिद्र किती काळ उघडे राहिले यावर अवलंबून असतो. म्हणूनच उगाच महिने दवडू नका.

प्रतिसाद २:
माझी दुसरी शस्त्रक्रिया यशस्वी झाली, म्हणून धीर देण्यासाठी लिहिते. आज अक्षरांचा मधला वाकडेपणा पुष्कळ कमी झाला आहे, पण तो पूर्ण गेलेला नाही, आणि हे आधी स्पष्ट सांगितले गेल्यामुळेच मी निराश झाले नाही. आईंना आवर्जून सांगा, की दोष त्यांचा नाही: ४०० मायक्रॉनपेक्षा लहान छिद्रांत पालथे राहण्याने फारसा फरक पडत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे, आणि मोठ्या छिद्रांतही सारे काही त्यावरच ठरत नाही. आणखी एक, पुन्हा वायू भरला तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास टाळावा आणि दुसऱ्या कोणत्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली, तर डोळ्यात वायू आहे हे भूलतज्ज्ञांना आधी सांगावे.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. ताजा अहवाल मागवला. छिद्र ४८० मायक्रॉनचे असून कडा उचललेल्या आहेत. आयएलएम सोलला होता, पण घेर नोंदवलेला नाही.

प्रतिसाद १:
आकार मोठा आहे, परंतु कडांची स्थिती आपल्या बाजूची आहे, त्यामुळे प्रयत्न करण्यासारखा आहे असे मला वाटते. आता घेराविषयी विचारा. नोंद नसली, तरी शस्त्रक्रियेचे चित्रीकरण जपून ठेवले असेल, तर त्यात तो पाहता येईल.