लिंगायत पद्धतीने माती देणे: घरच्यांनीच, कमी खर्चात कसे करावे?

प्रश्न:
माझ्या वडिलांचे वय ८४ असून डॉक्टरांनी आता घरीच सेवा करण्यास सांगितले आहे. आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. आमच्याकडे दहन न करता बसवून माती देण्याची रीत आहे आणि शेवटच्या स्नानापासून मूठमातीपर्यंत सारे मुलानातवंडांनीच करावे, त्यासाठी कोणी कर्ज काढू नये, असे बाबांनी स्वतः सांगून ठेवले आहे. एका ठेकेदाराने शीतपेटी, फुलांनी सजवलेली गाडी आणि मांडव यांचा एकत्र खर्च सांगितला. यातले खरोखर आवश्यक काय?

उत्तर १:
दादा, शीतपेटी घेऊ नका. आपल्याकडे देह पद्मासनात बसवायचा असतो आणि मृत्यूनंतर दोन-चार तासांत शरीर ताठरू लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर. त्यामुळे देह पेटीत आडवा ठेवल्यास नंतर बसवताना ओढाताण होते आणि ती पाहणे घरच्यांना असह्य होते. प्राण गेल्यावर लगेच स्नान घालून भिंतीला टेकवून बसवावे, मांडी घालून पाय मऊ धोतराने बांधावेत, हनुवटीखालून पट्टी घ्यावी. भस्म, बेलपत्र आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग (आपण अंगावर धारण करतो ते छोटे शिवलिंग), एवढ्यात सारे आले. विधी करणाऱ्या जंगम स्वामींशी, म्हणजे आपल्या धर्मगुरूंशी, मात्र आजच बोलून ठेवा.

उत्तर २:
कागदपत्रांची बाजू सांगते. मृत्यू घरी झाल्यास, अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यावे, अशी जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये तरतूद आहे. हे डॉक्टर रात्री येतील का, हे आधीच विचारून घ्यावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केल्यास शुल्क लागत नाही. पुढे विलंब शुल्क आणि परवानगीची दगदग मागे लागते.

उत्तर ३:
खरा खर्च खड्ड्याचा असतो, म्हणून काटकसर तिथे करू नये. आपली काळी माती मे महिन्यात दगडासारखी कडक होते, तर पावसाळ्यात खड्ड्याच्या भिंती ढासळतात आणि तळाशी पाणी साचते. बसवून माती द्यायची असल्याने आडव्या दफनापेक्षा खोल खणावे लागते आणि हे काम हौशी हातांनी वेळेत होत नाही. त्यामुळे माहीतगार खणणारा माणूस, त्याची मजुरी आणि समाजाच्या स्मशानभूमीतील जागा या तिन्ही गोष्टी पंचांसमोर आत्ताच ठरवा. माती लोटण्याचे काम मात्र नातवंडांनी अवश्य करावे. फुलांच्या गाडीची गरज नाही. बसवलेला देह नीट मावेल असे साधे वाहन ओळखीतून मिळते, फक्त त्याच्या टपाची उंची आधी मोजून घ्या.